टी-७२ ‘अजेय’ आज नेमका किती कामाचा?

प्रश्न असा आला आहे: टी-७२ रणगाडा सोव्हिएत संघात १९७३ साली सेवेत आला. युक्रेनच्या युद्धात त्याची टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, उडून पडलेली सगळ्यांनी पाहिली. तरी भारतीय सैन्याकडे सर्वाधिक संख्येनं तोच आहे आणि मार्च २०२५ मध्ये त्याच्यासाठी नव्या इंजिनांचा करारही झाला. मग हा रणगाडा आज काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि त्याच्यावर पैसा घालण्यात अर्थ आहे का?

माझी नोकरी आर्मर्ड कोरमध्ये, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलात झाली. बराच काळ टी-७२ वर काढला आणि पुढे नगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये गनरी, म्हणजे तोफेची नेमबाजी, शिकवली. माझं मत आधीच सांगतो. रणगाड्याचं वय त्याच्या पोलादावरून मोजू नये. त्याची नजर किती जुनी, त्याचा दारूगोळा किती जुना, हे आधी विचारावं. टी-७२ ची नजर पूर्ण बदलता येते, दारूगोळा बऱ्याच अंशी बदलता येतो. पण त्याच्या रचनेतच बसलेल्या तीन-चार गोष्टी कुठल्याही कारखान्यात बदलत नाहीत. त्या ओळखून लढण्याची पद्धत आखावी लागते. या दोन प्रकारच्या उणिवांची गल्लत झाली की कोणी त्याला भंगारात काढतो, तर कोणी त्याची नको तितकी भलामण करतो.

आधी रचना समजून घेऊ, कारण बाकी सगळं तिथूनच निघतं. टी-७२ एम१, म्हणजे चेन्नईजवळ आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत परवान्यावर बनलेला आपला अजेय, सुमारे ४१ टनांचा आहे. टरेटच्या छपरापर्यंत उंची जेमतेम २.२ मीटर. आत तीन माणसं: कमांडर, गनर, ड्रायव्हर. गोळा भरणारा चौथा माणूस, म्हणजे लोडर, काढून त्याच्या जागी ऑटोलोडर बसवला. लोडर उभा राहून काम करतो, त्याला उंच आणि रुंद टरेट लागते. तो गेला की टरेट लहान होते, झाकायचा पृष्ठभाग कमी होतो, आणि तेवढ्याच वजनात समोरचं चिलखत जाड ठेवता येतं. जर्मन लेपर्ड-२ किंवा अमेरिकन एब्रॅम्स ६० टनांच्या पुढे गेले, आपला अर्जुन एमके-१ए तर ६८ टनांवर पोहोचला, आणि टी-७२ १२५ मिलिमीटरची तोफ घेऊनही ४१ टनांत राहिला, त्यामागे हे गणित आहे.

हे कमी वजन आपल्याकडे फार उपयोगी पडलं. पंजाबातले कालवे आणि त्यांच्यावरचे पूल, रेल्वेची वॅगन, राजस्थानातली भुसभुशीत वाळू, सगळीकडे २० टनांचा फरक जाणवतो. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा ६५ आर्मर्ड रेजिमेंटचे टी-७२ जाफन्यात उतरले होते. लडाखमध्ये हाच रणगाडा आयएल-७६ विमानाच्या पोटात घालून लेहला नेता आला. जो रणगाडा लढाईच्या जागी पोहोचतच नाही, त्याच्या जाड चिलखताचा उपयोग काय?

आता ऑटोलोडरकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत.

टी-७२ चा गोळा दोन तुकड्यांत असतो. एक म्हणजे लक्ष्यावर जाणारा प्रोजेक्टाइल, दुसरा म्हणजे त्याला ढकलणारी दारू, म्हणजे चार्ज. चार्जचं आवरण कागदासारखं, जळून जाणारं असतं. फक्त तळाची धातूची वाटी उरते आणि ती टरेटच्या मागच्या लहान झडपेतून बाहेर फेकली जाते. टरेटच्या खाली, रणगाड्याच्या तळाशी, एक गोल फिरता पाळणा आहे. त्यात २२ प्रोजेक्टाइल आणि २२ चार्ज बसतात. गनर बटण दाबून प्रकार निवडतो: एफएसएपीडीएस म्हणजे चिलखत भेदणारा बाण, हीट म्हणजे तप्त धारेनं चिलखत भेदणारा गोळा, किंवा एचई म्हणजे साधा स्फोटक गोळा. पाळणा फिरतो, तोफ ठरावीक कोनात थांबते, उचलणी आधी प्रोजेक्टाइल वर आणते, रॅमर तो नळीत ढकलतो, मग चार्ज. सात-आठ सेकंदांत तोफ पुन्हा तयार. रणगाडा उड्या मारत धावत असला तरी हा वेग टिकतो आणि दिवसभराच्या लढाईनंतरही यंत्र दमत नाही. लोडर असलेल्या रणगाड्यात पहिले काही गोळे याहून वेगानं सुटतात, पण खडबडीत जमिनीवर धावताना त्याचे हाल होतात. लोडर असलेल्या विजयंता रणगाड्यावर काम केलेल्या जुन्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

मग टरेट का उडते? पुष्कळ लोक पाळण्याला दोष देतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पाळणा तळाशी आहे, समोरून येणारा मारा तिथे सहजी पोहोचत नाही. खरा धोका पाळण्याबाहेरच्या गोळ्यांचा. टी-७२ एम१ मध्ये चाळीसहून अधिक गोळे नेता येतात. पाळण्यातले २२ सोडले तर उरलेले टरेटमध्ये आणि हलमध्ये (रणगाड्याच्या खालच्या धडात), माणसांच्या पाठीशी आणि पायांशी, मिळेल त्या खाचेत ठेवलेले असतात. जळणाऱ्या आवरणाचा चार्ज तिथे उघडा असतो. चिलखत भेदून आत आलेला एक तापलेला तुकडा त्याला लागला की शेजारचा पेटतो, मग त्याच्या शेजारचा, आणि शेवटी पाळणा. आतला दाब बाहेर पडायला वाट नसल्यामुळे टरेट जागेवरून उपटली जाते. एब्रॅम्समध्ये दारूगोळा टरेटच्या मागे वेगळ्या कप्प्यात असतो, मध्ये जाड दार असतं आणि वरच्या पत्र्यांतून स्फोट आकाशाकडे निघून जातो. ती सोय टी-७२ मध्ये नाही आणि टरेट नव्यानं बनवल्याशिवाय करताही येणार नाही.

चेचन्यात रशियन दलांनी हे भोगलं. त्यानंतर अनेक तुकड्या फक्त पाळण्यातल्या गोळ्यांनिशी लढाईत उतरू लागल्या. मला विचाराल तर प्रत्येक स्क्वाड्रन कमांडरनं यावर विचार करावा. २२ गोळ्यांत लढायचं तर मागून पुरवठा वारंवार आणि जवळ आणावा लागतो, त्यासाठी ट्रक, माणसं आणि आडोसा लागतो. पाळणा पुन्हा भरायला वेळही बराच जातो. म्हणजे हा निर्णय एका क्रूच्या हातातला नाही, संपूर्ण रेजिमेंटच्या रसद व्यवस्थेचा आहे. पण तीन माणसांचा जीव वाचण्याची शक्यता त्यानं खरोखर वाढते, म्हणून ती तयारी शांततेच्या काळातच करायला हवी.

पाळण्याची दुसरी मर्यादा फार कमी बोलली जाते. आजचा चिलखतभेदी बाण जितका लांब तितका खोल जातो. पाळण्याच्या कप्प्याची लांबी ठरलेली, त्यामुळे बाणाची लांबीही बांधली गेली. रशियानं नंतरच्या आवृत्त्यांत लांब बाणासाठी ऑटोलोडरमध्ये बदल केले ते यामुळेच. म्हणून मी वर ‘दारूगोळा बऱ्याच अंशी’ असं म्हटलं. धातू सुधारता येतो, दारू सुधारता येते. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेनं १२५ मिलिमीटरच्या एफएसएपीडीएसवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पण कप्प्याची लांबी हे काम करणाऱ्याला कायम आड येते.

आता नजर. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण गनरी शिकवणाऱ्याला दुसरं काही इतकं महत्त्वाचं वाटत नाही.

२६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात, नकाशावरच्या ‘७३ ईस्टिंग’ या रेषेपाशी, इराकच्या तवकल्ना डिव्हिजनचे टी-७२ अमेरिकेच्या एम१ए१ एब्रॅम्स रणगाड्यांसमोर आले. वाळूचं वादळ होतं. अमेरिकन गनर थर्मल साइटमधून, म्हणजे उष्णतेवरून पाहणाऱ्या दुर्बिणीतून, इराकी रणगाडे पाहत होते. इराकी गनरना समोर फक्त धूळ दिसत होती. अमेरिकन तोफा कुठून मारत आहेत हे कळायच्या आत इराकी रणगाडे जळाले. त्यात इराकचा दारूगोळा जुना होता, सोव्हिएत सैन्यानं केव्हाच मागे टाकलेला. त्या लढाईनंतर ‘टी-७२ निकामी’ असा शिक्का बसला. वस्तुस्थिती अशी की आंधळा रणगाडा डोळस रणगाड्यापुढे उभा होता. त्या दिवशी इराकी टी-७२ ला थर्मल साइट आणि चांगला बाण असता, तर निकाल कदाचित तोच लागला असता, कारण त्यांचं प्रशिक्षणही कच्चं होतं. पण तो इतका एकतर्फी लागला नसता.

मूळ टी-७२ एम१ ची रात्रीची साइट इन्फ्रारेड सर्चलाइटवर चालते. तोफेशेजारी एक मोठा दिवा असतो, तो अदृश्य प्रकाश टाकतो आणि साइटमधून परतलेला प्रकाश दिसतो. पल्ला सुमारे ८०० मीटर, तोही हवा स्वच्छ असेल तर. आणि शत्रूकडे साधी इन्फ्रारेड दुर्बीण असली तरी आपला दिवा त्याला कितीतरी लांबून दिसतो. दिवसा लेझर रेंजफाइंडरनं अंतर अचूक मिळतं, ही टी-७२ एम१ ची चांगली बाजू; पण वारा, हवेचं तापमान, नळीची झीज यांचा हिशेब आजच्या संगणकासारखा आपोआप होत नाही. तो गनरच्या सवयीत आणि फायरिंग टेबलमध्ये असतो. राजस्थानच्या महाजन रेंजवर सकाळी आठला आणि दुपारी दोनला मारलेले दोन गोळे एकाच जागी पडत नाहीत. वर दुपारी जमिनीची हवा थरथरते आणि लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. चांगला गनर हे जाणतो. नव्याला ते शिकवायला खरे गोळे लागतात, आणि खरे गोळे नेहमीच मोजून मिळतात.

भारतानं काही टी-७२ वर थर्मल साइट बसवल्या. ज्या रणगाड्यात ती आहे आणि ज्यात नाही, ते दोन रणगाडे नावानं एक असले तरी मी त्यांना एक मानत नाही. थर्मल साइट आली की रात्र, धूळ, धूर, पातळ झुडूप यांतूनही दीड-दोन किलोमीटरवरचं गरम इंजिन दिसतं. माणूसही दिसतो. याच एका बदलानं हा रणगाडा वीस वर्षांनी तरुण होतो.

तरी एक उणीव राहते. टी-७२ एम१ मध्ये कमांडर आपल्या साइटमधून लक्ष्य पाहून टरेट त्या दिशेला वळवू शकतो, पण तोफ झाडू शकत नाही. गनर जखमी झाला तर त्याच्या जागेवर सरकल्याशिवाय कमांडरला काही करता येत नाही. शिवाय रात्री कमांडरची स्वतःची नजर गनरपेक्षा तोकडी. आधुनिक रणगाड्यात कमांडर पुढचं लक्ष्य शोधत असतो तेव्हा गनर आधीचं मारत असतो. दोघांची चार डोळ्यांची जोडी बनते. टी-७२ मध्ये कमांडरलाही थर्मल दिल्याशिवाय ही जोडी जमत नाही. अपग्रेडच्या यादीत कमांडरची साइट नेहमी मागे राहते, आणि मला ते चुकीचं वाटतं.

रचनेतली तिसरी गोष्ट म्हणजे मागे जाण्याचा वेग. पुढे रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर, मागे ताशी ४ किलोमीटर. सोव्हिएत विचारात रणगाडा पुढेच जाणार होता. आता हिशेब करा: टेकाडाआडून बाहेर येऊन गोळा मारला, शत्रूनं पाहिलं, आणि २०० मीटर मागचा आडोसा गाठायचा आहे. मागे सरकत गेलात तर तीन मिनिटं लागतात. मिसाइलला तेवढा वेळ लागत नाही. लेपर्ड-२ हेच अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत कापतो. टी-७२ च्या ड्रायव्हरला अशा वेळी वळून पळावं लागतं, म्हणजे कड आणि पाठ शत्रूला दाखवावी लागते. कडेचं पोलाद ८० मिलिमीटर, पाठ त्याहून पातळ. म्हणून टी-७२ च्या ट्रूप लीडरला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो: जागा निवडताना तोफेचा मारा किती लांब जातो हे बघण्याआधी मागे किती पावलांवर आडोसा आहे ते बघ. दहा-वीस मीटर मागे सरकून रणगाडा दिसेनासा झाला पाहिजे. ती जागा मिळाली की हा रणगाडा फार चिवट असतो, कारण मुळात तो ठेंगणा आहे आणि पुढचं ब्लेड वापरून स्वतःपुरता खड्डा स्वतःच खणू शकतो.

याला जोडूनच तोफ खाली झुकवण्याची मर्यादा आहे. टरेट बुटकी असल्यामुळे तोफ सहा अंशांच्या आसपासच खाली जाते. पाश्चात्त्य रणगाड्यांत ती नऊ-दहा अंशांपर्यंत जाते. वाळूच्या टेकडीमागून नुसती टरेट वर काढून खालच्या शत्रूवर मारायचं तर टी-७२ ला जास्त वर चढावं लागतं आणि तेवढं अंग उघडं पडतं. डोंगरात हे अधिक बोचतं.

चिलखताबद्दल थोडक्यात. समोरून हा रणगाडा आपल्या पिढीच्या दारूगोळ्याला तोंड देण्यासाठी होता, आजच्या लांब बाणाला देईल अशी अपेक्षा धरू नये. त्यावर लावलेल्या ईआरएच्या, म्हणजे स्फोटक चिलखताच्या विटा, ज्यांवर पुण्याच्याच एचईएमआरएल या स्फोटकांच्या प्रयोगशाळेनं काम केलं, आरपीजी आणि जुन्या मिसाइलच्या तप्त धारेला फोडतात. दोन पत्र्यांमधली स्फोटकं फुटतात आणि पत्रे त्या धारेला आडवे जातात. एकामागोमाग दोन स्फोट करणाऱ्या मिसाइलपुढे मात्र पहिल्या स्फोटात वीट खर्ची पडते. आणि छपरावर येणाऱ्या माऱ्याला या पिढीतला कोणताच रणगाडा पुरा पडत नाही. ड्रोनचं तेच. युक्रेनमध्ये ६० टनी पाश्चात्त्य रणगाडेही ड्रोननं थांबवले. तिथे जाळी, जॅमर, हवाई संरक्षण आणि सोबतची पायदळाची तुकडी यांवर भिस्त ठेवावी लागते. हा प्रश्न टी-७२ च्या वयाचा नाही.

रणगाड्याचं काम फक्त रणगाडे मारणं आहे, असा समज सोडायला हवा. प्रत्यक्ष लढाईत बहुतेक गोळे बंकर, मशीनगनची ठाणी, मिसाइलवाल्यांचे आडोसे, इमारती यांवर जातात. तिथे टी-७२ चा २३ किलोचा एचई गोळा अजूनही उत्तम काम करतो. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी टी-७२ आडोशाआडून तोफखान्यासारखे वापरले, नऊ किलोमीटरच्या आसपास मारा करत. अचूकता तोफखान्याची नाही, पण पायदळाला त्या क्षणी हवा असलेला गोळा मिळतो. १२५ मिलिमीटरची तोफ म्हातारी होत नाही, नळी झिजली की नळी बदलतात. याच सांगाड्यावर आपले पूल टाकणारे रणगाडे आहेत, सुरुंग काढणारे नांगर त्याला जोडता येतात. उद्या लढाऊ टी-७२ निवृत्त झाले तरी हा सांगाडा इंजिनियर लोकांच्या हाताखाली कित्येक वर्षं राबेल.

आता लडाख आणि इंजिनचा प्रश्न. ७ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयानं रशियाच्या रोसोबोरोनएक्सपोर्टशी २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. टी-७२ च्या ७८० अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी १००० अश्वशक्तीची इंजिनं येणार आहेत, आणि तंत्रज्ञान आवडीच्या कारखान्याला मिळणार आहे. मूळ रणगाड्याला टनामागे सुमारे १९ अश्वशक्ती मिळते. ईआरए, नव्या साइट, जास्तीचं सामान चढवलं की ती आणखी घटते, आणि चौदा-पंधरा हजार फुटांवर विरळ हवेत इंजिन आपली बरीच ताकद हरवतं. ऑगस्ट २०२० मध्ये पूर्व लडाखात रेचिन ला परिसरातल्या उंचीवर आपल्या क्रूनी रणगाडे चढवले तेव्हा यंत्राची किती ओढाताण झाली असेल हे तिथे इंजिन चालवलेल्या कुणालाही सांगायला नको. थंडीत डिझेल घट्ट होतं, बॅटरी मान टाकते, रात्री ठरावीक वेळानं इंजिन चालू करून ठेवावं लागतं. म्हणून हा करार मला योग्य वाटतो. टनामागे २३-२४ अश्वशक्ती मिळाली तर डोंगरात आणि वाळूत फरक पडेल. मात्र नुसत्या इंजिनानं मागे जायचा वेग वाढत नाही, तो गिअरबॉक्सचा प्रश्न आहे. शिवाय टी-७२ चं इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध बाहेर निघत नाहीत. इंजिन बदलायचं तर रेषा जुळवत बसावं लागतं, वर्कशॉपचा अख्खा दिवस जातो. लेपर्डवाले हेच काम तासाभराच्या आत करतात.

नद्यांबद्दल मात्र आग्रहानं सांगायचं आहे. माहितीपत्रकात टी-७२ तयारीशिवाय १.२ मीटर आणि स्नॉर्केल (पाण्यावरून हवा ओढणारी नळी) लावून ५ मीटर पाण्यातून जातो असं लिहिलेलं असतं. तो आकडा संथ पाणी आणि टणक तळ धरून आहे. हिमनदीतून आलेल्या नदीचं पाणी उन्हाळ्यात अचानक चढतं आणि तळाचे धोंडे पट्ट्याखालून सरकतात. २८ जून २०२४ रोजी पूर्व लडाखात सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदीत सरावादरम्यान पाणी एकदम वाढलं, टी-७२ अडकला आणि आपले पाच जवान गेले. रणगाड्याच्या क्षमतेचे आकडे वाचणाऱ्यानं हे नाव विसरू नये. उंचावरच्या उन्हाळी नदीत तो १.२ मीटरचा आकडा मी क्षमता म्हणून मोजतच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं टी-७२ च्या जागी येणाऱ्या एफआरसीव्ही रणगाड्याला तत्त्वतः मंजुरी दिली. नवा रणगाडा कागदावरून रेजिमेंटपर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. आपल्याकडे सुमारे २४०० टी-७२ आहेत. तोवर पश्चिम सीमेवरच्या रेजिमेंटचा मोठा भाग याच रणगाड्यावर उभा राहणार. म्हणून पैसा कुठे घालावा असं विचाराल, तर माझा क्रम असा: गनरला थर्मल साइट प्रत्येक रणगाड्यात, त्याच्याबरोबरच कमांडरलाही; मग चांगला बाण आणि सरावासाठी पुरेसे खरे गोळे; त्यानंतर इंजिन. डोंगरातल्या रेजिमेंटपुरतं इंजिन पहिल्या जागी आणायला माझी हरकत नाही. ज्या रणगाड्यांना हे काहीच मिळणार नाही, ते रात्रीच्या हल्ल्यात पहिल्या रांगेत पाठवू नयेत. त्यांना खणलेल्या मोर्च्यांत ठेवावं, तिथे ते चोख काम देतील.